मुलांसाठी गाव बदलताना

मे महिना उतरणीला लागला की वैजापूरच्या जुन्या पेठेत एखाद्या घरासमोर टेम्पो येऊन उभा राहतो. कपाट, गाद्या, भांड्यांची पोती चढवून झाली की सर्वांत शेवटी मुलांची छोटी सायकल दोरीने बांधली जाते. खालचे दुकान मात्र नेहमीसारखे उघडे असते. गल्ल्यावर आजोबा बसलेले असतात, आजी ओट्यावर उभी असते. टेम्पो छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याला लागतो. ‘का चालले?’ असे शेजाऱ्यांनी विचारले तर उत्तर ठरलेले असते, ‘मुलांच्या शिक्षणासाठी.’

हे उत्तर खोटे नसते, परंतु त्याने सारा हिशेब पूर्ण होत नाही. मूल पाच वर्षांचे असते. त्याच्या शाळेबरोबरच त्याचे अंगण, त्याची बोली, त्याचे आजी-आजोबा आणि त्याचा धर्मसंस्कार यांचीही जागा बदलणार असते. व्यापाऱ्याच्या घरात मालाचा एक कट्टा घेताना दहा वेळा विचार होतो. लहान मुलांना घेऊन कोणत्या गावी राहावयास जायचे, हा निर्णय मात्र पुष्कळदा एखाद्या लग्नसमारंभात ऐकलेल्या शाळेच्या नावावरून होतो.

पूर्वज कसे आले

गाव बदलणे जैन समाजाला नवे नाही. गोदावरीच्या खोऱ्यात आज जी मारवाडी जैन घराणी दिसतात, त्यांतील बहुतेकांचे मूळ राजस्थानात आहे. एकोणिसाव्या शतकात धान्य, कापड आणि सावकारीच्या निमित्ताने ती अहमदनगर, औरंगाबाद, नाशिक या भागांत आली. त्यांची येण्याची रीत ध्यानात घेण्यासारखी होती. साधारणतः आधी घरातील एकटा पुरुष येई. नात्यातल्या किंवा गाववाल्याच्या पेढीवर राहून तो काम करी, इथली भाषा शिके, पाऊसपाणी पाही, कोणाचा व्यवहार कसा आहे ते जाणून घेई. बस्तान बसल्यानंतरच बायकामुले येत. परक्या मुलखाची पारख होईपर्यंत मुलांना हलवायचे नाही, हा त्या स्थलांतराचा अलिखित नियम होता.

वैजापूरला दळणवळणाची जोड विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मिळाली. मनमाडहून निजामाच्या राज्यात जाणारा लोहमार्ग झाला आणि रोटेगाव हे वैजापूरचे स्थानक ठरले. आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला असलेला हा तालुका त्या काळी सरहद्दीवरचा मुलूख होता. इकडे निजामाचे राज्य, तर पश्चिमेला येवला आणि गोदावरीपलीकडे अहमदनगर जिल्हा ही इंग्रजांची हद्द.

शास्त्रातील दोन कर्तव्ये

बाराव्या शतकात गुजरातेत होऊन गेलेले कलिकालसर्वज्ञ आचार्य हेमचंद्र यांनी ‘योगशास्त्र’ या ग्रंथात मार्गानुसारी गृहस्थाचे ३५ गुण सांगितले आहेत. त्यांत घर कोठे असावे याचाही विचार आहे. घर अगदी उघड्यावर नसावे आणि फार आडबाजूलाही नसावे, शेजार चांगला असावा, घराला येण्याजाण्याची फार दारे नसावीत, असे आचार्य सांगतात. आजच्या भाषेत हे सुरक्षितता, शेजार आणि घरावर नजर राहण्याची सोय यांचेच निकष झाले.

याच मालिकेत दोन गुण एकापाठोपाठ आलेले आहेत. पहिला, मातापित्यांचा आदर व सेवा. दुसरा, उपद्रवग्रस्त स्थान सोडणे. परचक्र, दुष्काळ, रोगाची साथ अशा संकटांनी ग्रासलेल्या जागी गृहस्थाने अट्टाहासाने राहू नये, कारण तेथे धर्म, अर्थ आणि कुटुंब या तिघांचीही हानी होते. एक गुण घराशी बांधून ठेवणारा, दुसरा घराबाहेर पडण्यास सांगणारा. लहान मुलांच्या आईवडिलांची आजची ओढाताण या दोन गुणांच्या मधोमध उभी आहे.

वैजापूरने असे उपद्रव पाहिलेले आहेत. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, परंतु मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली राहिला. रझाकारांच्या धामधुमीत सरहद्दीवरील अनेक कुटुंबांनी बायकामुलांना पलीकडच्या हद्दीत, नातलगांकडे नेऊन ठेवले होते. पुढे १९७२ च्या दुष्काळाने उभ्या महाराष्ट्राबरोबर या तालुक्यालाही होरपळून काढले. त्या वेळी गाव सोडणाऱ्याला कोणी ‘का?’ असे विचारले नसेल.

आज वैजापूरवर परचक्र नाही. तालुका अवर्षणप्रवण आहे हे खरे, पण निफाड तालुक्यातील नांदूर मधमेश्वर येथून निघणाऱ्या जलद कालव्याचे पाणी त्याच्या काही भागात पोहोचले आहे. मका, कापूस, कांदा यांची बाजारपेठ आहे, उपजिल्हा रुग्णालय आहे, शाळा-महाविद्यालय आहे. तेव्हा प्रत्येक घराने पहिला प्रश्न स्वतःला विचारावा तो हा, की आपल्या मुलासाठी हे स्थान खरोखर उपद्रवाचे झाले आहे का, की शेजारचे गेले म्हणून आपणही निघालो आहोत?

पूर्वी मूल जाई, आता घर जाते

शिक्षणासाठी गाव सोडण्याची प्रथाही जुनी आहे, मात्र तिचे रूप निराळे होते. खेड्यापाड्यांतील जैन मुलांच्या शिक्षणासाठी समाजाने वसतिगृहे आणि गुरुकुले उभारली. चांदवडचा श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम १९२८ साली स्थापन झाला आणि आज तेथे शाळेपासून अभियांत्रिकीपर्यंतचे शिक्षण मिळते. वेरूळच्या लेण्यांच्या परिसरात पार्श्वनाथ ब्रह्मचर्याश्रमाचे गुरुकुल आहे. या व्यवस्थेत दहा-बारा वर्षांचे मूल बाहेर पडे, घर मात्र जागेवर राहत असे. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुटीत मूल त्याच अंगणात परत येई.

आता पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी घरच हलते, आणि तेही पुष्कळदा अर्धे. आई आणि मुले शहरातील भाड्याच्या सदनिकेत, वडील वैजापूरच्या दुकानात, आजी-आजोबा जुन्या वाड्यात. शनिवारी रात्री वडील शहरात जातात, सोमवारी पहाटे परततात. दोन चुली, दोन भाडी-बिले, दोन ठिकाणचे दूधवाले. पैशाचा हिशेब कसाबसा बसतो. परंतु मुलाला ताप आला त्या मध्यरात्री आई एकटी असते आणि आजोबांचा रक्तदाब वाढला त्या दिवशी मुलगा हायवेवर असतो, हा खर्च कोणत्याही वहीत लिहिला जात नाही.

या व्यवस्थेचा सर्वाधिक भार सुनेवर येतो. शहरात जाण्याचा आग्रह तिचाच होता, असे सहज बोलले जाते. तिचे शिक्षण, तिला करावयाची नोकरी किंवा व्यवसाय, एकटीने दोन मुले सांभाळण्याची तिची तयारी यांविषयी तिला निवांत बसून विचारणारे घर विरळाच. ज्या व्यक्तीचा सारा दिवस या निर्णयाने बदलणार आहे, तिचे मत बैठकीच्या शेवटी न विचारता प्रारंभीच विचारले पाहिजे.

समोरची गावे

वैजापूरच्या कुटुंबापुढे साधारणपणे चार वाटा असतात.

छत्रपती संभाजीनगर हे सर्वांत स्वाभाविक उत्तर. अंतर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या घरात होती. १९५६ पासून चालत आलेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे सर्वांचे ‘घाटी’, १९५८ मध्ये स्थापन झालेले विद्यापीठ, वाळूजची औद्योगिक वसाहत आणि शेंद्रा-बिडकीन पट्ट्यात उभे राहत असलेले ‘ऑरिक’ यांमुळे शिक्षण, उपचार आणि रोजगार तिन्ही हाताशी येतात. या शहराचे दुखणे पाणी हे आहे. जायकवाडीसारखे विशाल धरण पैठणला असूनही शहरातील नळांना कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी येत राहिले. नव्या पाणीपुरवठा योजनेचे भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झाले, तेव्हा तिचा खर्च १६८० कोटी रुपये सांगितला गेला होता. म्हणून येथे घर पाहताना शाळेच्या आधी त्या गल्लीत पाणी कितव्या दिवशी येते हे विचारावे, आणि ते दलालाला न विचारता तिथल्या गृहिणीला विचारावे.

नाशिक येवल्यामार्गे सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. गंगापूर धरणाचे पाणी, तुलनेने सौम्य हवा आणि मोठा जैन समाज या तिच्या जमेच्या बाजू. परंतु सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्याजोगे हे अंतर नाही. नाशिक निवडणाऱ्याने वैजापूरचा व्यवसाय कोणाच्या हाती राहणार हे आधी ठरवावे.

तिसरी वाट गोदावरीपलीकडची: कोपरगाव, शिर्डी, श्रीरामपूर, लोणी-प्रवरानगर. सहकारी साखर कारखानदारीबरोबर या पट्ट्यात शिक्षणसंस्थाही वाढल्या. लोणीला वैद्यकीय महाविद्यालय आहे, श्रीरामपूर-कोपरगावात व्यापार आहे आणि नातीगोतीही जुनी आहेत. ‘मोठ्या शहरात जायचे’ एवढेच मनात असल्याने या जवळच्या गावांचा विचार सहसा होत नाही. लहान मुले असलेल्या घराने तो अवश्य करावा.

पुण्याबद्दल थोडक्यात सांगता येईल. वडिलांची किंवा आईची नोकरीच तेथे असेल तर प्रश्न उरत नाही. केवळ पहिली-दुसरीच्या शाळेसाठी पुणे गाठणे म्हणजे वैजापूर कायमचे सोडणे होय, आणि ते तसेच समजून करावे.

या चारांखेरीज पाचवी वाटही आहे, ती म्हणजे वैजापुरातच राहण्याची. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि तालुक्यातील जांबरगावजवळ त्यावर चढण्या-उतरण्याची सोय झाली. जून २०२५ पासून हा ७०१ किलोमीटरचा मार्ग मुंबईच्या बाजूपर्यंत पूर्ण झाला. जुना मुंबई-नागपूर रस्ता, एस.टी. आणि रोटेगावची रेल्वे आहेच. तज्ज्ञ डॉक्टर दाखवायचा, ग्रंथालय पाहायचे, स्पर्धापरीक्षेचे मार्गदर्शन घ्यायचे, यासाठी शहरात जाऊन त्याच दिवशी परतणे शक्य झाले आहे. चारचाकी नसलेल्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की समृद्धी महामार्गावर दुचाकीला परवानगी नाही.

मुलाचा दिवस मांडून पाहावा

गावांची तुलना करताना पालक शाळेची इमारत, शुल्क आणि निकाल पाहतात. त्याऐवजी मुलाचा एक संपूर्ण दिवस कागदावर मांडून पाहिला तर बऱ्याच गोष्टी आपोआप स्पष्ट होतात.

वैजापूरच्या पेठेतील मूल पायी किंवा आजोबांच्या स्कूटरवर दहा मिनिटांत शाळेत पोहोचते. दुपारी घरचे गरम जेवते. दुकानात येणाऱ्या शेतकऱ्याशी मराठीत बोलते, आजीशी मारवाडीत. संध्याकाळी गल्लीत खेळते. दिवे लागण्यापूर्वी त्याचे जेवण झालेले असते. साधू-साध्वीजींचा विहार गावातून झाला तर ते गोचरीला घर दाखवत पुढे धावते. नवकार मंत्र त्याला कोणी शिकवत नाही, तो कानावर पडून पाठ होतो.

शहरात हेच मूल सकाळी सातला बसथांब्यावर असते. दुपारी परतते, थोडे झोपते आणि पाच ते साडेसात शिकवणीला जाते. डिसेंबरात या भागात सूर्य सहाच्या आत मावळतो. म्हणजे चौविहार मोडतो तो जिभेच्या मोहाने नाही, वेळापत्रकाने. पाठशाळा रविवारी सकाळी असते, पण नेमका तोच वार चित्रकलेचा किंवा गावी जाण्याचा असतो. स्थानक किंवा मंदिर चार किलोमीटरवर असेल तर मूल तेथे आईवडिलांना वेळ असेल तेव्हाच जाणार.

याचा अर्थ शहरात संस्कार टिकत नाहीत असा मुळीच नाही. मोठ्या शहरांत चातुर्मास होतात, पाठशाळा व्यवस्थित चालतात, समवयस्क जैन मुलांची सोबत मिळते. लहान गावी कित्येकदा चातुर्मासाची विनंती मान्य होण्याची वाट पाहावी लागते आणि पाठशाळेला शिक्षक मिळत नाही. सांगावयाचे ते एवढेच, की गावात जे सहज घडते ते शहरात ठरवून घडवावे लागते. घर निवडताना शाळा, पाठशाळा आणि भाजीबाजार या तीन गोष्टी पायी जाण्याच्या अंतरात मिळाल्या, तर शहरातही मुलाचा दिवस त्याच्या हाती राहतो. मोठी सदनिका दूरवर घेण्यापेक्षा दोन खोल्या जवळ घेणे मुलांच्या दृष्टीने पुष्कळदा हिताचे ठरते.

वयाचाही विचार हवा. पाच ते दहा या वयात मुलाला लागते ते मायेने शिकवणारा शिक्षक, पुरेशी झोप, खेळायला जागा आणि गोष्ट सांगणारे वडीलधारे माणूस. अकरावी-बारावीच्या शिकवणीची चिंता पहिलीतच करून घर हलवले, तर दहा वर्षांनंतरच्या गरजेसाठी आजची गरज मोडली जाते. अनेक घरांना पाचवी किंवा आठवीपर्यंत गावी राहून मग निर्णय घेणे परवडू शकते. उलट, मुलाला ऐकण्या-बोलण्याची अडचण आहे, नियमित उपचार हवे आहेत, आईला चांगली नोकरी मिळाली आहे किंवा दुकान आता दोन कुटुंबांना पोसत नाही, अशी कारणे असतील तर विलंब करू नये. तेथे गाव सोडणे हेच कर्तव्य आहे आणि त्याबद्दल मनात अपराधी भावना बाळगण्याचे कारण नाही.

आजी-आजोबांचे काय

‘त्यांनाही घेऊन जाऊ’ हे उत्तर प्रेमाने दिले जाते. पण ज्यांनी साठ वर्षे एकाच पेठेत काढली, त्यांना तिसऱ्या मजल्यावरील सदनिकेत दिवसभर दार लावून बसवणे ही सेवा ठरेलच असे नाही. वैजापुरात आजोबा पायी स्थानकात जातात, वाटेत चौघे ‘जय जिनेंद्र’ करतात, औषधाचा दुकानदार त्यांची गोळी न सांगता काढून देतो. शहरात हे सारे एका दिवसात संपते. दुसरीकडे, त्यांना एकटे सोडून जाणेही योग्य नाही. म्हणून त्यांचा प्रश्न स्वतंत्रपणे, त्यांच्याच समोर आणि त्यांच्याच इच्छेने सुटला पाहिजे. रात्री त्यांच्याजवळ कोण झोपेल, दवाखान्यात कोण नेईल, मुले किती दिवसांनी भेटतील, याची उत्तरे टेम्पो ठरवण्यापूर्वी हवीत.

निर्णयापूर्वी

१. नवे गाव दिवाळीत पाहू नये, मे महिन्यात पाहावे, म्हणजे पाण्याची खरी स्थिती कळते. मग पुन्हा भर पावसाळ्यात रस्ते पाहावेत.

२. घर लगेच विकत घेऊ नये. किमान एक वर्ष भाड्याने राहावे. महाराष्ट्रात भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असणे कायद्याने आवश्यक आहे. अकरा महिन्यांचा करारही त्याला अपवाद नाही.

३. शाळेत एका वर्गात किती मुले आहेत ते विचारावे. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक वर्गांसाठी साधारण ३० विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण सांगितले आहे.

४. शाळा सोडल्याचा दाखला वेळेत मागावा. सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदली घेताना दाखला मिळण्यास उशीर झाला, एवढ्या कारणाने सहा ते चौदा वयाच्या मुलाचा प्रवेश नाकारता येत नाही.

५. स्कूल बस असल्यास तिच्यात मदतनीस आहे का, शाळेची परिवहन समिती आहे का, हे पाहावे. त्या बसमधून मूल किती वेळ प्रवास करील, हे एकदा स्वतः त्या वेळी त्या रस्त्याने जाऊन मोजावे.

६. लसीकरणाचे कार्ड, जन्मदाखला आणि जुन्या डॉक्टरांची कागदपत्रे एका पिशवीत स्वतंत्र ठेवावीत. नव्या गावी पहिल्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञाची ओळख करून घ्यावी.

७. दोन घरांचा खर्च तीन महिने प्रत्यक्ष लिहून पाहावा. आयपताप्रमाणे खर्च, हाही हेमचंद्राचार्यांनी सांगितलेल्या ३५ गुणांपैकीच एक आहे.

८. मुलांना आधी सांगावे. नवी शाळा, नवे घर त्यांना सुटीत दाखवून आणावे. जुन्या मित्रांचा निरोप घ्यायला वेळ द्यावा.

परतीचा रस्ता

मारवाडातून आलेल्या पूर्वजांना परतीचा रस्ता लांब होता. एकदा आलेला माणूस वर्षानुवर्षे मूळ गावी जाऊ शकत नसे. आजच्या पिढीचे भाग्य असे की तिला मातापित्यांची सेवा आणि मुलांचे भवितव्य यांतील एकच निवडण्याची सक्ती सहसा नसते. मात्र त्यासाठी गाव निवडताना पुढच्या रस्त्याबरोबर परतीचा रस्ताही मोजावा लागतो. ज्या गावाहून आई, वडील आणि मुले दर शनिवारी दिवस मावळण्याच्या आत वैजापूरच्या ओट्यावर पोहोचू शकतात, ते गाव थोडे लहान असले, तेथील शाळेचे नाव थोडे कमी मोठे असले, तरी लहान मुलांच्या घरासाठी तेच उजवे.

आणि असे गाव सापडले नाही, तर एखादे वर्ष थांबण्यात कमीपणा नाही. टेम्पो पुढच्या मे महिन्यातही मिळेल. आजोबांच्या स्कूटरवर पुढे उभे राहून शाळेत जाण्याचे मुलाचे वय मात्र तोवर एक वर्षाने पुढे सरकलेले असेल. म्हणून थांबायचे ठरले तर ते वर्ष नुसते वाट पाहण्यात घालवू नये, आजोबांनी आणि नातवाने ते मनसोक्त एकत्र घालवावे.